खांदशेकणी

ट्रॅक्टरला बैल जुंपून घरी आणावा लागला, आणि तोही भर बाजाराच्या दिवशी, म्हणजे कवडापूरची चांगलीच करमणूक झाली. पुढे रुपराव पाटलाचे दोन धिप्पाड बैल, मागे जाड दोराचा सोल, आणि सोलाला बांधलेलं ते रंग उडालेलं लाल धूड. धुडावर देवराव बसला होता. स्टिअरिंग धरण्यापलीकडे त्याला काही काम नव्हतं आणि तेच त्याला जास्त लागत होतं. बैलांच्या कासऱ्यावर त्याचा बाप होता, धोंडबा.

बैल द्यायला रुपरावांनी खळखळ केली नाही. हाकायला मात्र धोंडबाच पाहिजे, एवढं त्यांनी सांगून पाठवलं. त्यात खोटं काही नव्हतं. ते दोन्ही बैल वासरं असल्यापासून धोंडबाच्या हाताखाली वाढले होते आणि दुसऱ्या कोणाला दाद देत नव्हते. धोंडबाचा सारा जन्म पाटलांकडे सालदारकीत गेला होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बोली व्हायची आणि पुढच्या अखजीपर्यंत माणूस त्या घरचा.

हॉटेलासमोर कोणीतरी ओरडलं, "देवराव, याले सरकीची ढेप चारत जाय गा. चालंन."

लोक हसले. देवरावनंही हसल्यासारखं केलं, कारण न हसता तिथून जाणं कठीण होतं. धोंडबानं मात्र मान वळवली नाही. तो बैलांशी हळू आवाजात बोलत चालला होता, जसं काही मागे नेहमीचीच कडब्यानं भरलेली बंडी होती. घरी पोचल्यावर त्यानं सोल सोडला, बैलांच्या तोंडावरून हात फिरवला आणि ते परत न्यायला तसाच उन्हात निघून गेला. देवरावला त्या पाठमोऱ्या बापाकडे पाहवलं नाही.

अखजी तोंडावर आली होती आणि तीच खरी अडचण होती. सरकारनं भूमिहीनांना पडीत जमिनी वाटल्या, त्यात धोंडबाच्या नावावर नाल्याकाठचं एक वावर आलं होतं. माती काळीभोर, पण सारी कुंद्यानं भरलेली. कुंदा म्हणजे त्या काळ्या मातीतलं हट्टी गवत. वरून कापा, जाळा, बैलांचा नांगर फिरवा, त्याला काही होत नाही, कारण त्याची मुळं नांगराच्या खाली बसलेली असतात. ती खोल नांगरून वैशाखाच्या उन्हात उलटी पाडली तरच मरतात, आणि ते काम बैलांचं नाही. पट्टा हातात पडला तेव्हा पावसाळा लागून गेला होता, म्हणून पहिलं वर्ष वावर पडीतच राहिलं. दुसऱ्या वर्षी जमीन वहितीत दिसली नाही तर पट्टा रद्द, अशी अट होती. अखजी झाली की तहसिलीचे साहेब पाहायला येणार होते. बांधाला बांध लागून वावर होतं रुपरावांचं, आणि रद्द झालेला पट्टा कोणाच्या घरी जाईल हे गावात कोणाला विचारायची गरज नव्हती.

देवराव हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटरच्या हाताखाली राबलेला होता. तिथलं खातं बंद पडलं तेव्हा हातात जे आलं त्यात त्यानं सरकारी फार्मच्या लिलावातून हा जुना ट्रॅक्टर उचलला. गावानं त्याला येड्यात काढलं. पण गेल्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर असा चालला की येड्यात काढणारेच आपल्या वावरात बोलावू लागले. पावसाळ्यात तो छपरीत बांबूच्या तट्ट्याआड उभा राहिला, हिवाळ्यात देवराव पुन्हा रोजीनं हिंगण्याला गेला. आणि आता, नेमकी स्वतःच्या वावराची पाळी आली तेव्हा, नांगराची चार तासं होत नाहीत तोच काळा धूर ओकून तो जागीच बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपराव पाटील स्वतः आले. आत ते येणार नव्हतेच, कवाडापाशी छत्री धरून उभे राहिले. त्यांनी ट्रॅक्टरची चौकशी केली, उन्हाची केली, देवरावच्या बायकोनं, अंजनाबाईनं, सारवलेल्या अंगणाचं कौतुक केलं. मग म्हणाले, "देवराव, बुढा थकला आता. त्याची जागा मी तुह्यासाठी ठेवली हाय. अखजीले ये."

"अखजीपर्यंत थांबा मालक," देवराव म्हणाला.

मालक हा शब्द तोंडातून निघून गेला आणि त्याला स्वतःच्या जिभेचा राग आला. पट्टा हातात पडला त्या दिवशी त्यानं मनाशी ठरवलं होतं की या माणसाला पुन्हा मालक म्हणायचं नाही. रुपरावांनी मान हलवली आणि छत्री सांभाळत ते निघून गेले.

मग देवरावनं ट्रॅक्टर अंगावर घेतला. इंजिन सुरू व्हायचं, उभ्या उभ्या बरं चालायचं. ओढायला लावलं की गुदमरायचं. असं झालं की बिघाड डिझेलमध्ये, हे त्याला कारखान्यात शिकवलेलं होतं आणि त्यावर त्याचा देवासारखा नाही तरी गुरूसारखा विश्वास होता. त्यानं टाकी रिकामी केली, तळाला पाणी आहे का पाहिलं. गाळणी बदलली. नळीत हवा धरली असेल म्हणून नट ढिले करून हातपंपानं डिझेल खेळवलं, बुडबुडे संपेपर्यंत. उन्हात पान्याला हात लावता येत नव्हता, म्हणून अंजनाबाई ओल्या फडक्यात गुंडाळून एकेक पाना देत होती. पोतं अंथरून तो खाली सरकायचा तेव्हा जमिनीची धग पोत्यातून पाठीला चावायची. डिझेल डोळ्यांत गेलं, बोटांची साल निघाली. ट्रॅक्टर होता तिथेच होता.

शेवटी त्यानं सक्करदऱ्याला निरोप धाडला. तिथे वसंत गॅरेज चालवत होता. दोघं हिंगण्याला एकाच पाळीत होते. वसंत मोटारसायकलवर अवजारांची पेटी बांधून आला. आल्या आल्या पाणी प्यायला आणि शर्ट काढून कामाला लागला. नोझल उघडले, त्यातला एक खरंच बिघडला होता. फवारा मारायच्या ऐवजी नुसता थेंब थेंब गळत होता. वसंतनं तो साफ करून बसवला आणि इंजिनाचा आवाज असा सुधारला की अंजनाबाईनं चुलीवरची भाकर तव्यावर सोडून बाहेर धाव घेतली. धोंडबानं मडगार्डवर हात फिरवला. त्या दिवशी वसंतला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

पण वावरात नांगर मातीत गेला आणि दोन फेऱ्यांतच तोच काळा धूर, तेच गुदमरणं. देवरावनं तो थंड होऊ दिला आणि रांगत रांगत घरी आणला. या वेळी बैल मागवले नाहीत, एवढंच समाधान. वसंतनं प्रांजळपणे सांगितलं, "मले समजून नाई राहिलं भाऊ. आता पंप काढून पंपवाल्याकडे न्या लागंन. पण अखजीच्या आंधी तो काही हाती नाई येत."

वसंत पेटी बांधून परत गेला.

अखजीच्या आदल्या दिवशी सकाळी देवरावनं धुतलेला सदरा अंगात घातला. त्यानं काही सांगितलं नाही आणि अंजनाबाईला काही विचारावं लागलं नाही. तो पाटलाकडे साल कबूल करायला निघाला होता. धोंडबा बाजेवर बसून अंगणातल्या मातीवर काडीनं रेघा ओढत होता. पोराचं आयुष्य आपल्याच दावणीला बांधलं जाणार, याचं दुःख त्याच्या साऱ्या चेहऱ्यावर उघडं पडलं होतं.

अंजनाबाई कवाडात आडवी उभी राहिली.

"जायच्या आंधी एकदा चालू करा."

"काहून वं? काय पाह्यचं राहिलं आता?"

"तुमी सारे खालून पाह्यता. मी इकून उभी राहून पाह्यतो. माह्यं समाधान होऊ द्या."

तिचं समाधान करणं हे वाद घालण्यापेक्षा सोपं होतं, हे देवरावला लग्नापासून माहीत होतं. तो धुतल्या सदऱ्यानिशी चढून बसला. इंजिन सुरू केलं, हळूहळू जोर वाढवला. अंजनाबाई पलीकडच्या बाजूला गेली. तिथे हवेच्या डब्यापासून इंजिनापर्यंत रबराचा एक जाड पाईप जातो. इतके दिवस काम चाललं होतं ते दुसऱ्या बाजूला, त्यामुळे इकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

"हा पाईप काहून पिचकून राहिला?" ती ओरडून म्हणाली.

देवराव उतरला. वळसा घालून आला आणि उभाच राहिला. पाईप मधोमध आत ओढला जात होता, दोन्ही बाजू एकमेकींना टेकायला आल्या होत्या. जोर कमी केला की तो पुन्हा फुगायचा. इंजिनाला श्वास हवा होता आणि तो मिळत नव्हता. डिझेल, डिझेल, डिझेल. इतके दिवस त्यानं पेशंटच्या पोटातच हात घालून ठेवला होता आणि नाक दाबलेलं होतं.

त्यानं इंजिन बंद केलं, पाईप काढून बाजूला टाकला आणि पुन्हा किल्ली फिरवली. ट्रॅक्टर असा गर्जला की शेजारच्या कोंबड्या उडून छपरावर गेल्या. धूर नावालाच होता, पातळ आणि निळसर. पण उघड्या तोंडानं वावरातली धूळ खाऊ देणं म्हणजे इंजिनाचा गळा घोटणंच, म्हणून त्यानं लगेच बंद केलं आणि हवेच्या डब्याकडे वळला.

या डब्याच्या तळाशी तेलाची वाटी असते आणि वर तारेची जाळी. हवा तेलावरून जाते, धूळ तिथेच बसते, स्वच्छ हवा पुढे. वाटीच्या कड्या उघडल्या तरी वाटी सुटेना. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटली तेव्हा ती टक्कन निघाली, आणि आत पाहून देवरावचा हात थांबला. वाटी काठोकाठ भरलेली होती. वर पिवळट तपकिरी जाड साय धरली होती. आणि वरची जाळी त्याच चिकट राळेनं पार बुजून गेली होती, एकही भोक मोकळं नव्हतं.

अंजनाबाईनं बोट घातलं, नाकापाशी नेलं.

"हे तं जवसाचं हाय," ती म्हणाली. मग तिला दुसरंच काही आठवलं. "पोळ्याच्या टायमाले माही बरणी रिकामी झाली होती. मी शेजारच्या बायजाबाईच्या मांजरीले किती बोलली."

दोघंही एकदमच बाजेकडे वळले. धोंडबा केव्हाच उठून उभा राहिला होता.

"म्या पाजलं," तो म्हणाला.

त्यानं लपवलं काहीच नाही, आणि नंतरचं सगळं मान खाली घालून सांगितलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून कातडी घट्ट झालेली असते, ती गरम पाण्यानं शेकायची, तूप-हळद लावून चोळायची. ती खांदशेकणी त्यानं आयुष्यभर केली होती, पण दुसऱ्याच्या बैलांची. नागपूरला दीक्षा घेतल्यापासून त्यानं बैलापुढे आरती धरली नाही की कुंकू लावलं नाही, त्या शब्दाला तो पक्का होता. पण खांदा शेकणं ही काही पूजा नव्हे. आणि गेल्या पोळ्याला, जन्मात पहिल्यांदा, त्याच्या स्वतःच्या दारात स्वतःचं राबणारं काही उभं होतं. त्यानं गरम पाणी केलं, फडकं घेतलं, छपरीत गेला आणि भोवती फिरून फिरून पाहिलं, पण त्याला खांदाच सापडला नाही.

"मंग म्हटलं, पावसाळ्यात बैलाले तेल पाजतो, तसं पाजू. सांधे नरम राह्यतीन." त्यानं वर श्वास घ्यायच्या नळीकडे बोट दाखवलं. "तेथून बांबूच्या नळीनं दिलं. चांगलं घाणीचं. एवढं शांत पेला गा तो, एक थेंब सांडू नाई देल्ला."

देवरावच्या छातीत राग उसळून आला. ती सारी वरात, ते हसणारे लोक, सोललेली बोटं, वसंतपुढे झालेली फजिती, कवाडातला तो मालक शब्द, सगळं एकदम वर आलं. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. आणि समोर तो बाप उभा होता, पायाला ठिगळांची चप्पल, मार खायला तयार असलेल्या माणसासारखा. या माणसानं साऱ्या जन्मात आपल्या मालकीच्या एका गोष्टीला जीव लावला होता, तोही चोरून. देवरावचा राग विरघळून गेला आणि त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्या पुसायला हात तेलकट होते.

"बाबा," तो म्हणाला, "जवसाचं तेल वाळते. सुतार दाराले लावते ना, तसं. इंजिनाचं तेल येगळं राह्यते."

"मले काय मालूम," धोंडबा हळूच म्हणाला.

पहिल्यांदा अंजनाबाई हसली. तिला थांबताच येईना. मग देवराव हसला, आणि शेवटी, दोघं आपल्यावर रागावले नाहीत याची खात्री पटल्यावर, धोंडबाच्या मिशीतही हसू आलं.

आता प्रश्न जाळी साफ करण्याचा होता. देवरावनं ती रॉकेलात बुडवून ठेवली, ब्रशानं घासली. राळ ढिम्म हलली नाही. अंजनाबाई जरा वेळ बघत राहिली, मग तिनं त्याच्या हातातून जाळी काढूनच घेतली. खापरावर वर्षाचं तेल जळून बसतं ते ती कशानं काढते हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तिनं मोठं तपेलं चुलीवर चढवलं, धुण्याचा सोडा मुठीनं टाकला आणि जाळी उकळायला ठेवली. पाणी तपकिरी झालं, वर घाण फेस आला. पाणी ओतून दिलं, पुन्हा भरलं. चूल आणि ऊन दोन्ही अंगावर घेत तिनं दुपार काढली, चेहरा तापून लाल झाला, पण ती जागची हलली नाही. शेवटी धोंडबानं जाळी उचलून उन्हासमोर धरली. साऱ्या भोकांतून उजेड त्याच्या तोंडावर पडला.

"दिसते," तो म्हणाला. "पल्याडचं सारं दिसते."

अखजीच्या सकाळी पाटलाच्या अंगणात सालदार जमले होते. वर्षाच्या बोली चालल्या होत्या, कोण राहतो, कोण सुटतो. रुपराव ओट्यावर पानाचा डबा घेऊन बसले होते. तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला, भरीव, एकसारखा, आणि बोलणारे गप्प झाले. ट्रॅक्टर येत होता. देवराव चालवत होता, नांगराच्या बाजूला अंजनाबाई उभी होती आणि मडगार्डवर, धुतलेलं धोतर नेसून, धोंडबा बसला होता. ज्या अंगणात त्यानं एवढ्या अखज्या मान खाली घालून काढल्या त्या अंगणासमोर आल्यावर त्यानं मान वर केली आणि हात उंचावला.

"येतो रुपरावजी. वावरात जाऊन राहिलो."

मालक म्हणाला नाही. अंगणातल्या प्रत्येक सालदारानं ते ऐकलं.

त्या दिवशी नांगर खोल गेला. माती मोठमोठ्या ढेकळांनी उलटू लागली आणि ढेकळांतून कुंद्याची मुळं बाहेर आली, पांढरी, दोरखंडाएवढी लांब, वर्षानुवर्षं कोणी न पाहिलेली. अंजनाबाई आणि धोंडबा मागून ती झटकून बांधावर टाकत चालले. उन्हानं डोकं भणभणत होतं. बादलीतलं पाणी कोमट झालं होतं, तेच अमृतासारखं लागत होतं. इंजिन एकदाही गुदमरलं नाही. दर फेरीला वळताना देवराव त्या रबरी पाईपाकडे पाहायचा. पाईप गोल गरगरीत होता, आणि ते पाहून तो उगाचच गाणं म्हणायला लागायचा.

साहेब आले तेव्हा वावर पुरतं काळं पडलं होतं आणि बांधावर वाळलेल्या कुंद्याचे ढीग लागले होते. बरोबर पटवारी होता, आणि शेजारी म्हणून रुपरावही आले होते. साहेबांनी बुटानं एक ढेकूळ फोडून पाहिलं, एक मूळ उचलून हातानं तोडायचा प्रयत्न केला. तुटलं नाही. जमीन कोणाची, त्यांनी विचारलं.

"माही," धोंडबा म्हणाला. एवढंच म्हणाला, पण इतक्या मोठ्यानं की नाल्यापलीकडच्या गुराख्यानं वळून पाहिलं.

पटवाऱ्यानं वहिती लिहून घेतली. साहेब जीपकडे निघाल्यावर रुपराव मागे रेंगाळले. त्यांच्याही वावरात बांधाकडून कुंदा शिरला होता, ट्रॅक्टर पाठवशील का, असं त्यांनी देवरावला विचारलं. देवरावनं बापाकडे पाहिलं.

"घरी या," धोंडबा म्हणाला. "बाजेवर बसून चहा पेऊ, मंग बोलू."

रुपराव आले. कवाड ओलांडून आत आले, बाजेवर बसले आणि चहा प्यायले. कप रिकामा होईपर्यंत अंजनाबाई दारातून हलली नाही. तिला ते डोळे भरून पाहायचं होतं.

पोळा आला तेव्हा नाल्याकाठच्या वावरात ज्वारी कमरेला लागली होती. आदल्या दिवशी दुपारी उघाड पडली. देवराव छपरीत गेला तर धोंडबा तिथे आधीच होता. गरम पाण्यानं भरलेला गंज, फडकं, आणि हातात ती बांबूची नळी. पोराला पाहून त्यानं नळी पाठीमागे नेली.

देवरावनं इंजिन ऑईलचा डबा आणला, हवेच्या डब्याची वाटी काढली, पुसली आणि आतली खूण दाखवली. येथपर्यंतच. धोंडबानं नळीत तेल घेतलं आणि खुणेपर्यंत ओतलं, जराही जास्त नाही. वाटी परत त्यानंच बसवली, कड्या त्यानंच लावल्या. पण तो तिथेच घुटमळत राहिला. फडक्याची वाफ निवत चालली होती.

"पोट तं झालं," तो म्हणाला. "पण याचा खांदा कोठी हाय, ते सांग ना गा."

देवराव ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून आला. मग त्यानं बापाचा हात धरला, त्याला मागच्या बाजूला नेलं आणि जिथे नांगर अडकतो त्या जाड लोखंडावर तो हात ठेवला. त्या जागेचा रंग पार उडाला होता, लोखंड घासून घासून चकचकीत झालं होतं.

"येथी, बाबा. सारं वजन येथीच येते."

धोंडबानं ती जागा बोटांनी चाचपून पाहिली. मग फडकं गरम पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि खाली बसून खांदा शेकू लागला.